आधी वाटीखालचा स्क्रू सैल करा

पाऊस सुरू झाला की "गाडी चालता चालता बंद पडली" या एकाच विषयावर ढीगभर प्रश्न येतात, यावेळीही आलेत, म्हणून हे सदर पूर्ण कार्बोरेटरलाच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागालाच देतोय. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींमध्ये जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन आलं हे खरं, पण त्याआधीच्या गाड्या काय भंगारात गेल्या नाहीत, त्या अजून दूध घालतात, पोरांना शाळेत सोडतात, घाट चढतात, आणि बंद पडल्या तर तिथेच रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतात. ही सगळ्यात मोठी सोय आहे कार्बोरेटरची, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे.

प्रश्न: माझी 2013 ची स्प्लेंडर आहे, गाडी वेळच्या वेळी सर्व्हिसिंगला जाते. मागच्या आठवड्यात माणगावला टाकी फुल केली आणि ताम्हिणीमार्गे पुण्याला निघालो, विळ्याच्या पुढे घाट चढताना गाडीने दोन-तीन झटके दिले आणि बंद. किका मारून दमलो, शेवटी दहा मिनिटं बसलो आणि नंतर एका किकेत चालू झाली, मग तीन-चार किलोमीटर गेली की परत तेच. वाटेत एका मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) साफ केले, चारशे रुपये घेतले, पाच किलोमीटर गाडी मस्त पळाली आणि परत बंद पडली. घरी आल्यावर दोन दिवस काहीच त्रास नाही. कार्बोरेटर नवीन टाकू का? गाडी उघड्यावर असते, पाऊस जोरात होता म्हणून टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी रबराने घट्ट बांधली होती, बाकी गाडीला काही केलेलं नाही.
(एक वाचक, माणगाव)

उत्तर: दादा, कार्बोरेटर नवीन अजिबात टाकू नका, तुमचं उत्तर तुमच्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, ती पिशवी.

टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक वाट ठेवलेली असते. तुमच्या गाडीला पेट्रोल ढकलायला पंप नाही, ते फक्त वजनाने खाली उतरतं, आणि जेवढं पेट्रोल उतरेल तेवढी हवा वरून आत आली पाहिजे. ती वाट बंद झाली की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल अडकून राहतं. सरबताच्या भरलेल्या स्ट्रॉला वरून बोट लावलं की सरबत खाली पडत नाही ना, तसंच. आता टाकी फुल होती हे महत्त्वाचं आहे. टाकी फुल म्हणजे वर हवेला जागा अगदी थोडी, मग थोडंसं पेट्रोल खाली गेलं तरी लगेच ओढ बसते, टाकी अर्धी असेल तर वर हवा भरपूर असते म्हणून तोच त्रास उशिरा येतो किंवा छोट्या फेरीत जाणवतच नाही. घरी आल्यावर पिशवी काढली असणार, त्रास गेला. आणि दहा मिनिटं थांबलात की चालू का होत होती, तर पिशवी काही वेल्डिंग केलेली नाही, कुठूनतरी हळूहळू हवा आत जाते आणि पेट्रोल परत थेंब थेंब उतरून कार्बोरेटरखालची वाटी भरते. वाटीत समजा 25 मिली पेट्रोल मावलं आणि घाटात गाडी लिटरला 40 देत असली तर तेवढ्यात एक किलोमीटर जाते. म्हणजे वरून पेट्रोल पूर्ण बंद झालं तरी गाडी लगेच मरत नाही, किलोमीटरभर पुढे जाऊन मरते, आणि माणसाला वाटतं इथे काहीतरी झालं, जे झालं ते मागेच झालेलं असतं.

त्या मेकॅनिकने काम केलं नाही असं मी म्हणणार नाही, पण कार्बोरेटर खोलायच्या आधी एक मिनिटाची तपासणी करायला पाहिजे होती, आणि ही तपासणी प्रत्येक गाडीवाल्याला आलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

कार्बोरेटरच्या खाली जी वाटी असते, तिच्या तळाला किंवा बाजूला खाली एक छोटा स्क्रू असतो, ड्रेनचा. गाडी बंद पडली की लगेच, म्हणजे दहा मिनिटं बसायच्या आधी, गाडी मेन स्टँडला लावा, चावी बंद करा, सायलेन्सर तापलेला असतो तिकडे पेट्रोल उडणार नाही असं बघा, वाटीतून खाली येणाऱ्या बारीक, ओव्हरफ्लोच्या पाइपाचं टोक एका पारदर्शक बाटलीत धरा आणि कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा नळ, चालू ठेवून तो ड्रेनचा स्क्रू दोन आटे सैल करा, पूर्ण काढू नका, चिखलात पडला तर सापडणार नाही. आता बाटलीत काय येतं ते बघायचं. वाटीत होतं तेवढं भसकन येईल आणि त्यानंतर बारीक पण अखंड धार चालू राहिली पाहिजे. धार न तुटता येत असेल तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल नीट पोचतंय, दोष जेटमध्ये किंवा मग प्लगमध्ये, करंटमध्ये शोधा. काहीच आलं नाही, किंवा धार बारीक होत होत थेंबावर आली, तर जेट साफ करून काही उपयोग नाही, पेट्रोल वरच कुठेतरी अडलंय.

मग धार थेंबावर आलेली असतानाच टाकीचं झाकण उघडा. सुस्स असा आवाज आला आणि खाली धार परत धरली तर दोष झाकणाचा, विषय संपला. झाकण उघडूनही काही फरक पडला नाही तर कॉक रिझर्व्हवर घ्या. रिझर्व्हवर धार आली म्हणजे एकतर पेट्रोल कमी आहे नाहीतर मेनच्या नळीला कचरा बसलाय. तिथेही नाही आली तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या बाजूचा पाइप काढा, बाटलीत धरा आणि कॉक चालू करा. पाइपातून भरपूर येतंय आणि वाटीत उतरत नाही म्हणजे फ्लोटची, वाटीत तरंगणाऱ्या तुकड्याची, सुई वर चिकटलीय, पाइपातूनच येत नाही म्हणजे कॉकची जाळी चोंदलीय, पाइप कुठे मुडपलाय किंवा मध्ये बसवलेला फिल्टर भरलाय. या फिल्टरबद्दल एक सांगतो, बरेच जण हौसेने मिळेल तो फिल्टर बसवतात, त्यातले काही पंपवाल्या गाड्यांचे असतात, पेट्रोल नुसत्या वजनाने त्यातून पुरेसं उतरत नाही आणि गाडी सपाटीला चालते पण चढाला रेस दिली की मरते. रस्त्यात अडलात तर तो काढून पाइप सरळ जोडा आणि घर गाठा.

तुमच्यासाठी उपाय एवढाच, पिशवी बांधायची असेल तर वरून नुसती टोपीसारखी घाला, खालून मोकळी राहू द्या. आणि झाकणातून पाणी आत जातं म्हणूनच पिशवीची वेळ आली ना, तर झाकणाचं रबर वॉशर बदलून घ्या, स्वस्तात काम होतं. झाकण उघडं ठेवून किंवा अर्धवट लावून घाटात गाडी मात्र चालवू नका, पेट्रोल हिंदकळून मांडीवर आणि खाली गरम इंजिनवर येतं.

प्रश्न: मी आणि बहीण माझ्या कार्बोरेटरवाल्या बुलेटवर गडहिंग्लजहून सावंतवाडीला चाललो होतो, आंबोलीत चहाला थांबलो आणि परत येऊन बघते तर गाडीखाली पेट्रोलचं थारोळं, एका बारीक पाइपातून टपटप चालू होतं. कॉक बंद केल्यावर थांबलं. एकाने सांगितलं चालवा काही होत नाही, दुसरा म्हणाला पेट घेईल. आम्ही गाडी तिथेच ठेवून एसटीने गेलो. अशा वेळी नक्की काय करायचं?
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर: ताई, गाडी ठेवून गेलात यात काही चुकलं नाही, पेट्रोल गळत असताना शंका आली की न चालवणंच बरोबर. पण पुढच्या वेळेसाठी सांगते तसं करून बघा, असं आमच्या गॅरेजमधली ताईच म्हणाली आणि तिच्याच पद्धतीने लिहितो, कारण ओव्हरफ्लो काढण्यात तिचा हात बसलाय.

वाटीत पेट्रोल ठराविक उंचीला आलं की फ्लोट वर उचलला जातो आणि सुईने वरचं भोक बंद करतो, संडासच्या टाकीतल्या बॉलसारखंच काम. सुईच्या टोकाखाली गंजाचा एखादा कण जरी बसला तरी भोक पूर्ण बंद होत नाही, पेट्रोल येतच राहतं, आणि जास्तीचं त्या बारीक पाइपातून बाहेर जातं. म्हणजे तो पाइप फुटलेला नसतो, तो त्याचं काम करतोय. काही जण त्याला बोळा कोंबतात, हे कधीच करू नका, मग तेच पेट्रोल इंजिनात जातं.

गाडी आधी मेन स्टँडला लावा, कारण साइड स्टँडला फार कललेली गाडी कधीकधी नुसत्या तिरकेपणानेच गळते आणि सरळ केली की थांबते. नाही थांबली तर कॉक बंद, आसपास कोणी बिडी-सिगारेट पीत असेल त्याला लांब जायला सांगा, इंजिन गार होऊ द्या. मग स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने वाटीवर चार-पाच वेळा ठोका, दार वाजवतो तेवढंच, जास्त नाही. लगेच ड्रेनचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल बाटलीत काढा आणि तसंच कॉक चालू करून पाचेक सेकंद वाहू द्या, म्हणजे आत येणाऱ्या धारेने तो कण धुवून निघतो. स्क्रू बंद करा, दोन मिनिटं बघत बसा. बऱ्याचदा एवढ्याने गळती थांबते. एकदाने नाही झालं तर परत करा.

तरीही थेंब येत राहिले तर एक गोष्ट आधी बघा, इंजिन ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइल वाढलेलं दिसलं, पातळ लागलं किंवा पेट्रोलचा वास आला तर पेट्रोल आत उतरलंय, आता इंजिन चालवायचं नाही, ऑइल बदलल्याशिवाय किकसुद्धा मारायची नाही, टेम्पो बघा. ऑइल ठीक असेल पण गळती थांबत नसेल तरीही टेम्पोच, गळक्या गाडीवर दोघींनी घाट उतरायचा नाही. घरी आल्यावर सुई आणि तिची बसायची जागा दोन्ही बघून घ्या, सुईच्या टोकाला गोल खाच पडलेली दिसली तर नवीनच टाकावी लागते. आणि बुलेटवाल्यांनी ही सवय लावून घ्या, गाडी रात्रभर उभी करायची तर कॉक बंद.

प्रश्न: युनिकॉर्न चार महिने गावाला शेडमध्ये उभी होती. आता चोक ओढला तरच चालू राहते, चोक बंद केला की बंद, रेस देऊन पळवली तर बरी पळते पण सिग्नलला किंवा म्हैस आडवी आली की बंद. सगळे म्हणतात इथेनॉलने वाट लागली. टाकीत क्लीनर ओतू का?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर: तुम्ही लक्षण इतकं नीट लिहिलंय की गाडी न बघता सांगता येतं, स्लोचा जेट म्हणजे पायलट जेट चोंदलाय. गाडी आयडलिंगला आणि कमी रेसला या जेटवर चालते, जास्त रेसला मेन जेटवर, म्हणून पळवली की बरी आणि हळू केली की बंद. पायलटचं भोक केसाएवढं असतं, वाटीतलं पेट्रोल महिनोन्महिने उडत गेलं की मागे चिकट पिवळसर थर राहतो, आणि पहिलं बंद होतं ते हेच भोक.

इथेनॉलचा यात वाटा आहे, पण तोच एकटा गुन्हेगार नाही, साधं पेट्रोलसुद्धा वाटीत सुकलं की हेच करतं. इथेनॉलची खोड वेगळी, ते पाणी ओढून घेतं. 2023 पासून पंपांवर ई-20 यायला लागलं, म्हणजे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, त्यात पाणी एका मर्यादेपर्यंत विरघळून राहतं आणि मर्यादा ओलांडली की इथेनॉल-पाणी मिळून तळाला वेगळं बसतं. आणि तळाला काय असतं, तर रिझर्व्हची नळी. म्हणून पावसाळ्यात रिझर्व्हवर घेतल्या घेतल्या गाड्या खोकायला लागतात. ड्रेनचं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरा आणि बाटली थोडी तिरकी करा, पाणी असेल तर तळाला वेगळं हलताना दिसतं, थोडंसं असेल तर साबुदाण्यासारखे गोल थेंब कोपऱ्यात घरंगळतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आयुष्यभर ओळखू येतं. असे थेंब दिसले तर स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत वाटी दोन-तीनदा रिकामी करा, काढलेलं पेट्रोल रस्त्यावर, शेतात किंवा गटारात ओतू नका, बाटली बुच लावून गॅरेजला द्या.

टाकीत क्लीनर ओतून पूर्ण बंद झालेला जेट सुटत नाही, कारण त्या भोकातून काही जातच नाही तर क्लीनर तरी कसा जाणार. वाटी उतरवा, पायलट जेट बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने काढा, पितळ मऊ असतं, माप चुकलं की खाच जाते आणि मग जेट निघता निघत नाही. क्लीनरचा फवारा मारून थोडा वेळ ठेवा, मग हवा मारा, आकाशाकडे धरून बघा, गोल उजेड दिसला पाहिजे. रस्त्यात असाल आणि काहीच नसेल तर जुन्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालेल, हळूच. टाचणी, सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की ते परत लहान होत नाही, आणि मग ॲव्हरेज का गेलं म्हणून वर्षभर शोधत बसायला लागतं. माझ्याकडे अशा गाड्या येतात आणि खरंच वाईट वाटतं, पाच मिनिटांच्या घाईत चांगला जेट गेलेला असतो.

जेट साफ करूनही तेच राहिलं तर कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधलं रबर चिमटीत वाकवून बघा, उभ्या गाडीचं रबर तडकतं, तिथून जास्तीची हवा शिरते आणि लक्षण अगदी हेच येतं, चोकवर चालते, एरवी बंद. रस्त्यात जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की घरापर्यंत येता येतं. पुढच्या वेळी महिन्याभराहून जास्त उभी ठेवायची तर कॉक बंद करा आणि वाटी रिकामी करून ठेवा.

प्रश्न: जूनमध्ये कार्बोरेटरवाल्या 150 सीसी गाडीने लडाखला जायचंय, खारदुंग ला करायचा आहे. वर गाडी दम सोडते, काळा धूर मारते असं ऐकलं. जेट बदलून नेऊ का? एअर फिल्टर काढून टाकला तर चालतं असंही एक जण म्हणाला.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: फिल्टर काढू नका, तिथल्या रस्त्यांची धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाईल आणि रिंगा खाऊन टाकेल. खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा, कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या हिशोबाने कमी करत नाही, म्हणून मिश्रण श्रीमंत होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, काळा धूर आणि पिकअप नाही. आपल्याकडे महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, तिथे हा फरक एवढा नसतो म्हणून आपल्याला सवय नाही. एवढ्या उंचीवर तुम्ही थोडाच वेळ असणार, बाकी बराचसा प्रवास त्याहून खालचा, तेवढ्यासाठी मेन जेट लहान करून मनालीपर्यंत गाडी तापवत नेणं मला पटत नाही. चोक पूर्ण बंद आहे ना बघा, निघायच्या आधी एअर फिल्टर नवीन टाका, वर खालच्या गिअरमध्ये हळू चढवा आणि एकदम पूर्ण रेस देऊ नका, दिली की गाडी घुसमटते.

मिश्रणाचा स्क्रू थोडा फिरवायचा असेल तर आधी तो कुठे आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर सोडला की मिश्रण पातळ होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घेतला की पातळ होतं. याची गफलत केली तर गाडी आहे त्याहून बिघडते. फिरवायच्या आधी तो पूर्ण आत किती आट्यांत बसतो ते मोजून हलक्या हाताने बसवा, आवळू नका, आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि खाली उतरल्यावर त्याच आकड्यावर परत आणा.